सड्यावरचा वारा, तारेतली वीज: कोकण किनाऱ्यावरच्या पवनऊर्जेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"पवनचक्कीवाले येऊन गेले" एवढं वाक्य कुणी तिठ्यावर बोललं की संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडलेले असतात. एकाला जमिनीचे पैसे दिसतात, दुसऱ्याला आंबा वाळलेला दिसतो. कोकणाने एन्रॉन पाहिलं, जैतापूर पाहिलं, नाणार आणि बारसू पाहिलं, त्यामुळे 'प्रकल्प' या शब्दालाच इथे एक वास चिकटलाय. खाली जे प्रश्न आहेत ते बैठकांमध्ये, एसटीत आणि फोनवर पुन्हा पुन्हा ऐकलेले. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो विषयच तसा आहे.

किनाऱ्यावर पवनचक्क्या ही नवीन कल्पना आहे का?

मुळीच नाही. भारतातली पवनऊर्जा किनाऱ्यावरच जन्माला आली. १९८६च्या सुमारास प्रयोग म्हणून जे पहिले पवन प्रकल्प उभे राहिले त्यांत गुजरातेतलं ओखा, तमिळनाडूतलं तुतीकोरिन आणि आपलं देवगड होतं. प्रत्येक यंत्र ५५ किलोवॉटचं. आज देवगडला येणारा पर्यटक किल्ला, बीच आणि पवनचक्की अशा क्रमाने फोटो काढतो, पण ती जागा मुळात फोटोसाठी नव्हती. देशाचा वारा तिथे मोजला जात होता.

तुलना करायची तर आज बाजारात ३ मेगावॉटचं यंत्र सर्रास मिळतं. म्हणजे त्या काळची ५४ यंत्रं एका खांबावर.

मग सगळा पसारा सातारा-धुळ्याकडे का गेला? कोकण मागे का राहिलं?

लोक म्हणतात राजकारण. असेलही थोडं, पण मुख्य कारण भूगोल. पश्चिमेचा वारा समुद्रावरून येतो, सह्याद्रीला धडकतो, वर चढताना दाबला जातो आणि घाटमाथ्यावर वेग घेतो. म्हणून वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर यंत्रांची रांग लागली. धुळ्यात ब्राह्मणवेलला तर देशातल्या मोठ्या पवन प्रकल्पांपैकी एक उभा आहे. पायथ्याच्या कोकणाला तो वाढीव वेग मिळत नाही.

दुसरं कारण कुणी बोलत नाही, ते म्हणजे रस्ता. आजच्या यंत्राचं एकेक पातं ६०-७० मीटर लांब असतं आणि ते तुकड्यांत आणता येत नाही. करूळ किंवा फोंडा घाटाच्या वळणांवर साधा ट्रेलर अडकला की तासन् तास रस्ता बंद होतो, तिथे हे पातं उतरवायचं कसं? बंदरातून आणता येईल, पण बंदर ते सडा (जांभ्याचं उघडं पठार) हा रस्ताही रुंद करावाच लागतो. तिसरं कारण खारी हवा. नटबोल्टपासून विजेच्या पेटीपर्यंत सगळं गंजतं. कोकणात ज्याने पत्र्याचं छप्पर घातलंय त्याला हे समजावून सांगायला नको.

देशपातळीवर पाहिलं तर २०२५च्या मार्चअखेर भारताची पवनऊर्जा क्षमता ५० हजार मेगावॉटच्या पुढे गेली. त्यात गुजरात आणि तमिळनाडू पहिल्या दोन क्रमांकांवर आहेत, महाराष्ट्र पाच हजारांच्या थोडा वर. गुजरात-तमिळनाडूची बरीच यंत्रं किनारी तालुक्यांत आहेत. म्हणजे किनारा वाईट नाही, आपला किनारा बेताचा आहे.

आमच्याकडे संध्याकाळी एवढा वारा सुटतो, तो पुरत नाही?

अंगाला लागणारा वारा आणि यंत्राला लागणारा वारा यांत फरक आहे. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला की वीज दुप्पट होत नाही, आठपट होते. उलटंही तितकंच खरं, वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. साधारण सेकंदाला ३ मीटर वेगाला पातं फिरू लागतं, ११-१२ मीटरला पूर्ण वीज मिळते आणि २५ मीटरच्या पुढे यंत्र स्वतःला थांबवतं.

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवत असतील. दुपारी समुद्राकडून आणि रात्री जमिनीकडून येणारे हे वारे घाम वाळवायला उत्तम, वीज करायला कमजोर. खरा माल येतो तो मृगापासून.

म्हणजे वीज पावसाळ्यातच? तेव्हा तर पंखेसुद्धा बंद असतात.

हा माझ्या मते सगळ्यात चांगला प्रश्न आणि तो बहुतेक वेळा बायका विचारतात, कारण घरचं बिल त्या पाहतात. होय, पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हाच पवनचक्कीचा हंगाम. योगायोग असा की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या, मच्छीमार जाळी विणत बसलेले आणि सड्यावर यंत्र मात्र जिवाच्या आकांताने फिरतंय असं चित्र असतं.

पण गावाच्या पंख्यावरून राज्याच्या गरजेचा हिशेब होत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज पडते, तेव्हा वारा भर घालतो. वारा पडला की ऑक्टोबरपासून ऊन कामाला येतं. एकाच जागी दोन्ही लावले तर तीच तार आणि तेच सबस्टेशन वर्षभर वापरता येतं. एकट्या वाऱ्यावर विसंबलेला प्रकल्प कोकणात कुणी घेऊन आला तर त्याला मोजणीचे आकडे मागा. निदान वर्षभर खांबावर वेगमापक लावून केलेली मोजणी हवी, उपग्रहाच्या अंदाजावर भागत नाही.

एका पवनचक्कीवर किती घरं चालतात?

२ मेगावॉटचं यंत्र घ्या. वर्षभर सतत पूर्ण ताकदीने ते चालत नाही. बऱ्या जागी क्षमतेच्या २५ टक्के धरा. वर्षाला सुमारे ४४ लाख युनिट. महिना १०० युनिट वापरणारी साडेतीन हजारांवर घरं त्यावर हिशेबाने चालतात. 'हिशेबाने' हा शब्द महत्त्वाचा आहे, पुढचा प्रश्न वाचा.

मग आमच्या गावाला वीज फुकट मिळणार का?

नाही. तसं कुणी सांगत असेल तर लिहून मागा, बोलणं तिथेच संपेल. वीज तारेतून सबस्टेशनात जाते, तिथून राज्याच्या वीजजाळ्यात (ग्रिडमध्ये), आणि बिल तुमचं महावितरणकडूनच येतं. पवनचक्की परड्यात असो की पन्नास कोसांवर, युनिटचा दर तोच.

निदान वादळात तरी दिवे राहतील?

३ जून २०२०चं निसर्ग वादळ आठवा. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या काही गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. तिथे वीज तयार होत नव्हती असं नाही, खांब आणि तारा आडव्या झाल्या होत्या. सड्यावर दहा पवनचक्क्या असत्या तरी तोच अंधार असता. एक तर इतक्या वाऱ्यात यंत्र पाती वळवून थांबतं, आणि जाळ्यात वीज नसेल तर ते सुरक्षेसाठी बंदच राहतं. नाहीतर तार जोडायला चढलेल्या वायरमनचा जीव जाईल.

वादळात दिवे हवे असतील तर उपाय वेगळा आहे: भूमिगत तारा, आणि आरोग्य केंद्र व पाणीपुरवठ्याच्या पंपावर बॅटरीसकट सौर यंत्रणा.

पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो, हे खरं ना?

सातारा, सांगली, धुळे या भागांत दुष्काळाच्या वर्षी हे हमखास ऐकू येतं. पंखा ढग उडवून लावतो, असं. या बोलण्याला हसू नये, कारण ज्याच्या शेतात पाणी नाही त्याला डोंगरावर फिरणारं दुसऱ्याचं यंत्र खुपणारच. पण गोष्ट खरी नाही. उंच यंत्राच्या पात्याचं टोकही जमिनीपासून दोनशे मीटरच्या आसपास असतं, आणि पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर जाडीचे. शिवाय पंखा घरातल्यासारखा वारा घालत नाही, येणाऱ्या वाऱ्यातली थोडी ताकद काढून घेतो. वारा त्याला फिरवतो, तो वाऱ्याला नाही.

आवाजाने झोप लागणार नाही म्हणतात.

आवाज होतो. 'हुफ्, हुफ्' असा पाती खाली येतानाचा, आणि जुन्या यंत्रात गिअरचा गुणगुणाट. दिवसा तो वाऱ्यात आणि रहदारीत बुडतो, रात्री गाव शांत झाल्यावर जाणवतो. केंद्राच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत यासाठीच वस्तीपासून ५०० मीटर अंतराची अट आहे. गंमत अशी की कोकणात वस्ती एका जागी नसतेच. वाडी इथे, दोन घरं तिथे, मळ्यात एक मांगर, म्हणजे शेतघर. 'वस्ती' कुठून मोजायची हे नकाशावर आधी ठरवून घ्या, आणि मांगरात कुणी बारा महिने राहत असेल तर ते घर म्हणून दाखवा.

आणि ती फिरती सावली?

सकाळ-संध्याकाळ सूर्य खाली असताना पात्यांची सावली खिडकीतून लुकलुकते. त्रास खरा आहे, पण ठरावीक दिवशी ठरावीक मिनिटंच होतो आणि आधी गणिताने काढता येतो. जर्मनीत एका घरावर वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटं ही मर्यादा धरतात. तेवढ्यापुरतं यंत्र थांबवायची सोय असते.

हापूसच्या बागेला काही होईल का?

पात्याने नाही, तारेने होईल. यावर मी जरा जोर देतो, कारण सगळी चर्चा खांबाभोवती फिरते आणि नुकसान तारेखाली होतं. १३२ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) तारेखाली २७ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो, २२० केव्हीला ३५ मीटर. त्या पट्ट्यात उंच झाड चालत नाही. सड्यावरच्या खांबाला जागा देणारा एक जण भाडं घेतो, आणि खालून तार गेलेल्या पंधरा जणांची कलमं तुटतात. त्यांना एकरकमी भरपाई मिळते आणि विषय संपतो. पंचवीस वर्षांचं कलम आणि तीन वर्षांचं रोप यांची भरपाई वेगळी हवी, ती कृषी विभागाच्या मूल्यांकनाने हवी, आणि तारेचा मार्ग खांबांच्या आधी जाहीर व्हायला हवा.

बांधकामाच्या वेळची धूळ ही दुसरी गोष्ट. मोहराच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, जांभ्याचा लाल धुरळा बागेवर बसला की बागायतदार काय बोलेल ते इथे छापता येणार नाही. कामाचं वेळापत्रक करारात घाला.

जमीन विकावी की भाड्याने द्यावी?

आधी एक विचारतो: सातबाऱ्यावर किती नावं आहेत? कोकणात खरी गाठ इथे आहे. आजोबांच्या नावावरून अजून न उतरलेली जमीन, सतरा सहहिस्सेदार, त्यांतले नऊ मुंबईत, एक बडोद्याला, आणि एका आत्याचा पत्ताच नाही. दलाल नेमका याचाच फायदा घेतो. गावात राहणाऱ्या एकाची सही घेतो, मुंबईत जाऊन दुसऱ्याकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतो, आणि बाकीच्यांना खांब उभा राहिल्यावर कळतं. मग दिवाणी दावा, म्हणजे नातवाच्या लग्नापर्यंतची सोय.

म्हणून क्रम असा: वारसनोंदी, मग मोजणी, मग सगळ्या हिस्सेदारांची एकत्र बैठक, आणि तेव्हाच कंपनीशी बोलणं. कुलमुखत्यारपत्र द्यायचंच असेल तर फक्त भावाला किंवा बहिणीला आणि फक्त त्या एका गटासाठी, दलालाला कधीही नाही.

भाडेपट्टा मला विक्रीपेक्षा बरा वाटतो. खांबाचा पाया आणि क्रेनची जागा धरून लागते ती जमीन एका यंत्राला थोडीच, बाकी सड्यावर गुरं चरू शकतात. पण भाडं किती मागायचं? मघाचा हिशेब पुढे न्या. ४४ लाख युनिट, आणि २०१७च्या लिलावांपासून पवनविजेचे दर अडीच ते साडेतीन रुपयांच्या आसपास राहिले आहेत. ३ रुपये धरले तर एका यंत्राची वर्षाची विक्री सव्वा कोटीच्या वर. यातून कर्जाचे हप्ते, दुरुस्ती, विमा सगळं जातं, यंत्राची किंमतही मेगावॉटमागे सहा-आठ कोटींच्या घरात असते, त्यामुळे सव्वा कोटी म्हणजे नफा नव्हे. तरीही हा आकडा डोक्यात ठेवून बोलायला बसणारा आणि 'पडीक जमिनीचे काय द्याल ते द्या' म्हणणारा, यांना मिळणारी रक्कम सारखी नसते. दर वर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढणार, कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर करार कुणाशी, आणि रक्कम थकली तर काय, ही तीन कलमं वकिलाकडून वाचून घ्या. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे झाली पाहिजे. स्टॅम्पपेपरवरची नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

पण सडा तर पडीकच आहे ना? तिथे काय बिघडतं?

पडीक हा महसूल खात्याचा शब्द आहे. पावसाळ्यात सड्यावर जाऊन बघा. जांभ्याच्या खळग्यांत साठलेल्या पाण्यात बोटभर उंचीची फुलं, बेडूक, खेकडे. तेच पाणी मुरून खालच्या वाडीच्या विहिरीला येतं. पायासाठी कातळ फोडला आणि रस्त्यासाठी वरचे ओहोळ वळवले, तर मार्चमध्ये कुणाची विहीर आटते ते आधी शोधलं पाहिजे.

आणि कातळशिल्पं. काशेलीचा हत्ती, उक्षी, देवाचे गोठणे, बारसू, मालवण तालुक्यातलं कुडोपी: हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी याच सड्यांवर खोदून ठेवलेली चित्रं. त्यांतली काही २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कित्येक वर्षं गावकरी ती पांडवांनी काढली म्हणत आणि पुढे चालत. अजून सगळी सापडलेली नाहीत, गवत आणि मातीखाली आहेत. क्रेनच्या रस्त्यासाठी सडा सपाट करायला एक दिवस पुरतो. म्हणून सर्वेक्षण आधी, जेसीबी मागून. या एका बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

जनसुनावणी होईल तेव्हा हे सगळं मांडू की.

होणार नाही. २००६च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्प येतच नाहीत. जैतापूरला निदान जनसुनावणी झाली, लोकांनी तिथे जाऊन राग तरी काढला. पवनचक्कीला ती पायरी नाही. भरतीरेषेजवळचा भाग असेल तर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी, वनजमीन असेल तर वन विभागाची, आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. त्यातला शेवटचा कागद तुमच्या हातात आहे. तो मासिक सभेत चार सदस्यांनी देऊन टाकू नये, ग्रामसभेत चर्चेला यावा.

पक्षी मरतात का?

काही मरतात, विशेषतः मोठे, हळू वळणारे शिकारी पक्षी. पण नुसत्या मेलेल्या पक्ष्यांच्या मोजणीने गोष्ट कळत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी एक अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले आणि सरडे वाढलेले. घाबरवणारं कुणी उरलं नाही म्हणून सरड्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकंही कमी. (या सरड्याचं शास्त्रीय नावच 'सारडा सुपर्बा'. वंशाचं नाव थेट मराठीतून उचललेलं.) म्हणजे यंत्र वरच्या शिकाऱ्याची जागा घेतं आणि खालचं सगळं गणित सरकतं.

किनाऱ्यावर यात स्थलांतरित पक्ष्यांची भर पडते. श्रीलंकेच्या मन्नार बेटावर ३० यंत्रांचा १०३.५ मेगावॉटचा प्रकल्प आहे. ते बेट मध्य आशियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या वाटेवर असल्याने तिथे पुढच्या यंत्रांना जोरदार विरोध झाला. आपल्याकडे खाड्यांची मुखं, कांदळवनं आणि समुद्री गरुडांची घरटी असलेली झाडं एवढ्या जागा वगळल्या तरी पुष्कळ होईल.

समुद्रात पवनचक्क्या लावणार असं ऐकलं. कोकणात येणार का?

पहिल्या टप्प्यात नाही. भारताचं समुद्री पवनऊर्जा धोरण २०१५ साली आलं. मोजणीसाठी खंबातच्या आखातात, पिपावावजवळ यंत्रणा बसवली गेली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी. एवढं अनुदान का, तर समुद्रातली वीज जमिनीवरच्यापेक्षा बरीच महाग पडते. आणि आपल्या बाजूला पावसाळ्यात चार महिने दुरुस्तीची होडीच आत जाऊ शकत नाही, हा वेगळा खर्च.

जगात पहिला समुद्री पवन प्रकल्प डेन्मार्कचा, विंडबी, १९९१. साडेचारशे किलोवॉटची ११ यंत्रं. २०१७ मध्ये तो काढूनही टाकला. म्हणजे डेन्मार्कने एक पिढी पूर्ण केली, आपण अजून पहिल्या खांबाची वाट पाहतोय. हे वाईटच आहे असं नाही, त्यांच्या चुका आपल्याला फुकट मिळतात.

आले तर मासेमारीचं काय?

कुठली मासेमारी, त्यावर अवलंबून. रापण किनाऱ्यालगत ओढतात, तिला दहा-वीस किलोमीटरवरच्या खांबाचा उपद्रव नाही. प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या गिलनेटला आहे, कारण जाळं खांबाला जाऊन अडकतं. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलला तारांचा धोका, आणि तारांना ट्रॉलचा. पर्ससीन (थवा घेरणारं मोठं जाळं) आणि एलईडीवाल्यांशी (दिव्यांनी मासे ओढणाऱ्यांशी) आधीच जुंपलेल्या पारंपरिक मच्छीमाराला आणखी एक हद्द आखून दिली, की बाकीच्या पाण्यात गर्दी वाढणार.

बाहेर दोन्ही प्रकार दिसतात. ब्रिटनमध्ये खांबांच्या मधून मासेमारीला मुभा आहे, बेल्जियममध्ये बंदी. बंदी असलेल्या भागात मासे वाढतात, खांबांच्या बुडाला कालवं-शिंपले धरतात आणि त्यांच्यामागे मोठे मासे येतात. पण खांब ठोकताना होणारा आवाज पाण्यात फार दूर जातो, तो हंगाम मच्छीमाराच्या वाट्याला कोरडा.

अमेरिकेच्या ब्लॉक आयलंडची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हजारभर वस्तीचं बेट, डिझेलवर वीज. २०१६ मध्ये समोर पाच यंत्रं, ३० मेगावॉट, आणि डिझेल थांबलं. लोक खूश. मग काही वर्षांत लाटांनी वाळू सरकली आणि पुरलेली केबल किनाऱ्यावर उघडी पडली, ती पुन्हा खोल पुरावी लागली. आपल्या पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, दर पावसाळ्यात किती हलतात ते तारकर्लीच्या माणसाला विचारा.

रोजगार किती?

बांधकामाच्या वर्ष-दीड वर्षात बरा, म्हणजे डंपर, चहा, खोल्या, मजुरी. नंतर पहारेकरी आणि मोजके तंत्रज्ञ. आयटीआय झालेल्या आणि उंचीची भीती नसलेल्या मुलामुलींना प्रशिक्षण देण्याची अट करारात घातली तर काही टिकेल. नाहीतर गावाच्या वाट्याला फक्त वॉचमनची खुर्ची.

गुंडगिरी वाढते का?

पैसा आला की ठेकेदारी येते आणि ठेकेदारीमागून बाकीचं. बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ला हत्या झाली. तपासात तिचा धागा पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी जोडला गेला. महाराष्ट्रात हा प्रश्न आता कुणी हलका घेणार नाही. कामाचे ठेके कुणाला, किती रकमेचे, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगणं एवढं तरी करता येतं.

गावाला मालकीत वाटा मागता येतो का?

मागता येतो, कायद्याने मिळत नाही. कोपनहेगनच्या समोर समुद्रात २००० साली मिडलग्रुंडेनची २० यंत्रं उभी राहिली, ४० मेगावॉट. निम्मी मालकी शहराच्या वीज कंपनीची, निम्मी आठ हजारांवर सामान्य सभासदांच्या सहकारी संस्थेची. पुढे २००९पासून काही वर्षं डेन्मार्कमध्ये कायदाच होता, की नव्या प्रकल्पाचे २० टक्के भाग आजूबाजूच्या रहिवाशांना देऊ करायचे, आणि घराची किंमत उतरली तर भरपाई. ज्याच्या खिडकीतून यंत्र दिसतं त्याला वाटा मिळाला की त्याला ते कमी खुपतं, एवढी साधी गोष्ट.

साखर कारखाने, दूध संघ आणि पतपेढ्या उभारणाऱ्या महाराष्ट्राला सहकार शिकवायला नको. कोकणात मात्र सहकार फारसा रुजला नाही, हे आपणच कबूल केलेलं बरं.

पातं तुटलं किंवा यंत्र म्हातारं झालं तर कोण काढणार?

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत नँटकेट बेटाजवळच्या समुद्रात एका यंत्राचं पातं तुटलं आणि फायबरचे तुकडे ऐन हंगामात किनाऱ्यावर आले, बीच बंद ठेवावे लागले. यंत्राचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं. लोखंड आणि तांबं भंगारवाला घेऊन जातो, फायबरची पाती कुणी घेत नाही. म्हणून काढून नेण्याचा खर्च बँक हमी म्हणून पहिल्याच वर्षी ठेवून घ्या. पंचविसाव्या वर्षी कंपनी त्याच नावाने असेलच असं नाही, खांब मात्र तिथेच असेल.

जुन्या यंत्राच्या जागी मोठं नवं बसवायचं केंद्राचं धोरणही आहे. देवगडसारख्या, लोकांना सवय झालेल्या आणि रस्ता-तार पोचलेल्या जागी याचा विचार नव्या सड्यावर जाण्याआधी व्हावा, असं मला वाटतं.

घराच्या गच्चीवर छोटी पवनचक्की बसवू का?

माड, आंबे आणि शेजारचा दुमजली बंगला यांच्यामध्ये वारा सरळ वाहत नाही, गिरक्या घेतो. छोटं यंत्र त्यात खडखडतं, वीज थोडी करतं आणि दोन पावसाळ्यांत गंजतं. विकणारा 'समुद्र जवळ आहे, वारा भरपूर' म्हणेल. त्याला खांब माडाच्या शेंड्याहून दहा मीटर वर न्यायला सांगा आणि मग किंमत विचारा. त्यापेक्षा छपरावर सौर पॅनेल लावा, ३ किलोवॉटला केंद्राचं ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. फक्त पॅनेलची चौकट गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमची घ्या, आणि मे महिन्यात सगळे बोल्ट आवळून घ्या.